पाटे, वायरी आणि घाटघरची वाट

अकोले तालुक्यात जीप हौस म्हणून फार कुणी घेतली नाही. कोल्हार-घोटी रस्त्यानं राजूर मागं टाकून शेंडीला वळायचं आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत रतनवाडी, साम्रद, घाटघरकडे निघायचं. मग जीप का लागते ते सांगावं लागत नाही. दुधाचे कॅन, भाताची पोती, बाळंतीण आणि तिला घ्यायला आलेली माहेरची माणसं या सगळ्यांना एकाच फेरीत पुरून उरेल असं या भागातलं वाहन म्हणजे जीपडं. अमेरिकेनं दुसऱ्या महायुद्धासाठी बनवलेली विलीज जीप स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतली आणि मग तिचे इथले अवतार निघत गेले. आमची एमएम ५४० त्यातलीच. प्यूजोच्या बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, खाली चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), आणि वायरिंग म्हणाल तर ज्याच्या हाताला जो तुकडा लागला तो जोडून तयार झालेलं. आमच्या आबांनी तिच्यावर माल आणि माणसं वाहिली. त्यांचे गुडघे थकल्यावर ती माझ्याकडे आली.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी तिचे पाटे आणि वायरिंग दोन्ही नव्यानं केलं. अवजड कामाला राजूर रस्त्यावरचे एक वयस्कर मिस्त्री यायचे, बाकी मी आणि मल्टिमीटर. लोकांना ही दोन कामं वेगळी वाटतात, एक लोहाराकडचं, दुसरं वायरमनचं. मला ती एकच वाटतात. पाटे जो हादरा गिळत नाहीत तो चासीतून वर चढतो आणि होल्डरच्या पत्तीशी, फ्यूजच्या चिमट्याशी, वायरीच्या टोकाशी जाऊन थांबतो. ज्या जीपचे दिवे सारखे जातात तिच्या बल्बआधी तिचे पाटे बघावेत, असं माझं मत आहे. हे बोल त्या कामातून आलेले.

१. आधी ओझं मोजा

पाट्यांच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "हेवी टाकू का?" याचं उत्तर दुकानात सुचत नाही, ते घरून घेऊन जायचं असतं. टोमॅटोचा क्रेट साधारण वीस किलोचा. दुधाचा चाळीस लिटरचा कॅन भरला की कॅनच्या वजनासकट पन्नास किलोच्या आत-बाहेर जातो. भाताचं पोतं, मागच्या बाकांवरची माणसं, त्यांच्या पिशव्या. आमच्या गाडीत नेहमी किती चढतं आणि हंगामात एकदा-दोनदा किती चढतं, हे दोन आकडे वेगळे लिहून काढले तेव्हा लक्षात आलं की पाटे नेहमीच्या ओझ्यासाठी हवेत. सणासुदीच्या ओझ्यासाठी बनवलेली जीप उरलेलं वर्षभर रिकामी उडते. हे टोमॅटो नीट सांगतात. घाटघरकडून आलेली गाडी उघडल्यावर सगळ्यात खालच्या क्रेटमधून रस गळत असेल तर पाटे ओझ्याला कमी पडत असतात. सगळ्यात वरच्या क्रेटमधला माल फुटला असेल तर ते जास्त ताठ असतात.

२. पहिला पाटा टायरमधल्या हवेचा

पंक्चरवाले काका ट्रॅक्टर सोडून सगळ्यांना सारखीच हवा भरतात. रिकाम्या जीपला ३५ पौंड हवा भरून रतनवाडीच्या खडीवर नेली तर जगातले कुठलेही पाटे उपयोगी पडत नाहीत. हवेचा स्वतःचा मीटर घ्या, थंड टायरवर मोजा. ओझं असताना जास्त, नसताना कमी. एक रुपया खर्च न करता निम्मा खडखडाट इथंच जातो.

३. जाड पाटा एक की पातळ पाटे दोन?

इथं थोडं गणित आहे आणि ते टाळू नये. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनावर चालतो. लांबी-रुंदी तीच ठेवून ६ मिलिमीटरचा पाटा काढून ८ मिलिमीटरचा घातला तर जाडी वाढली एक तृतीयांशानं, पण ताठपणा वाढला सव्वादोन पटींहून जास्त. शिवाय तेवढंच वाकताना जाड पाट्याच्या वरच्या-खालच्या पृष्ठावर ताणही तेवढ्याच प्रमाणात जास्त येतो. म्हणजे तो वाकायला तयार नसतो, आणि वाकवलाच तर लवकर थकतो. त्याऐवजी ६ मिलिमीटरचे दोन घातले तर ताठपणा साधारण दुप्पट होतो, पण प्रत्येक पाट्यावरचा ताण वाढत नाही. ट्रकच्या पाट्यांचा थर बघून लोक म्हणतात की लोखंड वाया घालवलंय. ते वाया घालवलेलं नसतं.

लांबीचंही असंच आहे, फक्त उलट. पाटा जितका लांब तितका मऊ, आणि तिथंही घनाचाच हिशेब. म्हणून सगळ्यात वरचा, दोन्ही टोकांना डोळे असलेला मेन पाटा कधीही आखूड-जाड करून घेऊ नये. मऊपणा त्याच्यात ठेवायचा आणि ओझं खालच्या पाट्यांनी उचलायचं. आम्ही मागच्या बाजूला मेन पाटा तसाच ठेवला, त्याच्याखाली त्याला आधार देणारा जवळजवळ पूर्ण लांबीचा एक पातळ पाटा वाढवला आणि सगळ्यात खालचा जाड तुकडा काढून टाकला. तो तुकडा कधीतरी कुणीतरी "मजबुतीसाठी" घातलेला होता. मिस्त्रींनी तो उचलून बघितला आणि म्हणाले, "ताई, हा ट्रॅक्टरच्या नांगराला द्या."

पाटे एकमेकांवर घासतात. त्या घर्षणाचाही थोडा उपयोग असतो, पण गंज धरला की पाच पाट्यांचा एकच ओंडका होतो. म्हणून सगळे सुटे करून, तारेच्या ब्रशनं घासून, टोकांचे कंगोरे मोडून, मध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस भरून मगच बांधले. टोकाचा कंगोरा धारदार राहिला तर तो वरच्या पाट्यावर रेघ ओढतो आणि पाटा नेमका त्या रेघेवर तुटतो. भंगारात पडलेले तुटके पाटे बघा. बरेचसे मधल्या बोल्टच्या भोकाशी किंवा अशा रेघेशी गेलेले दिसतील.

थर सोडवताना सी-क्लॅम्प लावल्याशिवाय सेंटर बोल्ट काढू नका. दाबून बसलेले पाटे मोकळे होताना पोरांनी अंगणात असू नये.

४. गॅसचा जाळ लांब

कमान कमी झाली की गावाकडे सरळ उपाय सांगतात: लाल करा, ठोका, कमान द्या. दिसायला कमान छान येते. मात्र पाट्याचं पोलाद सिलिकॉन आणि मँगनीज मिसळलेलं असतं. कारखान्यात ते ९०० अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवलेलं आणि पुन्हा ४००-५०० अंशांवर तापवून मुरवलेलं असतं. पुन्हा उसळून येण्याची सगळी ताकद त्या दोन पायऱ्यांत आहे. गॅसवर लाल करून हवेत थंड होऊ दिलेला पाटा म्हणजे साधी पट्टी, भरल्या गाडीखाली बसते आणि परत उठत नाही. थंड पाट्यावर ठोकून दिलेली कमान त्यापेक्षा बरी, पण तीही तात्पुरतीच. पाटा खरोखर बसला असेल तर नवा घ्यावा. पाट्यांना किंवा त्यांच्या अगदी शेजारी वेल्डिंग करायचं तर अजिबात नाही.

५. उंचीचा मोह आणि कायद्याचं पुस्तक

जीप उंच केली की रुबाब वाढतो, हे खरं आहे. पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवले की गाडी एकदम वीतभर उचलली जाते आणि असल्या गाड्यांचे फोटो फार छान येतात. मी ते केलं नाही, आणि त्याची कारणं आबांच्या धाकाहून मोठी आहेत.

पहिलं कारण प्रोपेलर शाफ्ट. गाडी उचलली की त्याचा कोन वाढतो, क्रॉसवर ताण येतो आणि ठरावीक वेगाला खालून घुमल्यासारखा आवाज सुरू होतो. मग डिफरन्शियलचं तोंड वर करायला पाट्याखाली पाचर घाला, ती पाचर सरकू नये म्हणून आणखी काही करा. दुसरं कारण पुढची चाकं. पुढच्या एक्सलला मागं झुकता कोन दिलेला असतो, त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. चुकीच्या शॅकलनं तो कोन कमी झाला की गाडी रस्त्यावर भटकते. वरून ड्रॅग लिंक तिरकी झाली की प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग स्वतःहून वळतं. विठा घाटाच्या वळणावर समोरून उसाची ट्रॉली येत असताना हे नको. तिसरं कारण ब्रेकचा होज. एक्सल खाली लटकल्यावर तो ताणला जातो का, हे कुणीच बघत नाही.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. आमच्या तालुक्याच्या गाड्या श्रीरामपूरच्या आरटीओकडे, एमएच १७. तिथं पासिंगला गेल्यावर साहेबांनी वाकून खाली बघितलं तर पाटे चांगल्या स्थितीत दिसावेत, नवलाचे दिसू नयेत. मूळ उंची, मूळ जागा, फक्त थराची रचना आणि शॉकअप चांगले, एवढ्यावरच मी थांबले. कुणाला उंच जीपच हवी असेल तर तिनं किंवा त्यानं ती खाजगी रानात चालवावी.

६. शॉकअपची लांबी गाडी उचलून ठरवा

शॉकअप ओझं उचलत नाही, ते काम पाट्यांचं. पाटा वाकून परत येताना जो झुलत राहतो त्याला शॉकअप आवरतो. लोक शॉकअप बदलतात आणि गाडी अजून बसकी का, म्हणून दुकानदाराशी भांडतात.

नवा घेण्याआधी दोन मापं घ्या. चासी उचलून एक्सल पूर्ण लटकवा आणि वरच्या पिनपासून खालच्या पिनपर्यंत मोजा. मग पाट्याचा थर दाबून रबरी बंपला टेकेल अशी स्थिती करून पुन्हा मोजा. शॉकअप पूर्ण उघडल्यावर पहिल्या मापापेक्षा लांब आणि पूर्ण मिटल्यावर दुसऱ्यापेक्षा आखूड हवा. नाहीतर खड्ड्यात बंप टेकण्याआधी शॉकअपच टेकतो, त्याची पिन वाकते, आणि दोष कंपनीवर जातो. बंपची रबरं आमच्या गाडीत नव्हतीच. ती शंभर-दीडशे रुपयांची वस्तू नसल्यामुळे हजारोंची वस्तू मरते.

रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी हवेत असताना अखेरचे आवळू नयेत. बोल्ट हातानं बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन्ही बाजूंनी चार धक्के द्या, आणि मग पान्यानं घट्ट करा. हवेत आवळलेलं रबर गाडी खाली आली की पिळून बसतं आणि पहिल्याच पावसाळ्यात फाटतं. ही गोष्ट मला मिस्त्रींनी सांगितली, कुठल्याही पुस्तकातून नव्हे, आणि नंतर पुस्तकातही तीच सापडली.

हे झाल्यावर आबांना बसवून राजूरपर्यंत नेलं. त्यांना गाडी आवडली नाही. "काहीच वाजत नाही, मग काय बिघडलंय ते कळायचं कसं?" असा त्यांचा सवाल होता. त्यांचं सगळं निदान कानावर चालायचं, डाव्या मागच्या पाट्याची कुरकुर वेगळी आणि शॅकलची टकटक वेगळी. हा आक्षेप मी अजून खोडू शकलेले नाही.

७. वायरिंगची सुरुवात काळ्या वायरीपासून

लाल वायरीकडे सगळे बघतात. दिवा लागत नाही, सेल्फ ओढत नाही, म्हणजे "करंट येत नाही". करंट आलेला असतो, त्याला परत जायला वाट नसते.

डिझेल इंजिनाचा सेल्फ दोनशे अँपिअरच्या वर सहज ओढतो. बॅटरीच्या उणे टोकापासून इंजिनापर्यंतच्या वाटेत एका ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला तरी तिथं दोन व्होल्ट खर्च होतात. १२ व्होल्टमधले दोन व्होल्ट गंजलेल्या वॉशरनं खाल्ले तर सेल्फ कण्हतो आणि आपण नवी बॅटरी घेऊन येतो. हे पकडायला मल्टिमीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या उणे खुंटीवर, टर्मिनलवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग वाईट.

आणखी एक खूण आहे. सेल्फ मारताना डॅशबोर्डवरची इंजिन बंद करायची स्टॉप केबल गरम लागली तर इंजिन आणि चासीमधली अर्थची पट्टी तुटलेली आहे असं समजा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. पट्टी गेली की दोनशे अँपिअर त्या बारीक केबलच्या पोलादातून घरी जायला बघतात. पहिल्यांदा धूर येतो. नंतर केबल अडकते आणि डिझेल इंजिन बंदच होत नाही, कारण जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज राहत नाही. (हाच गुण उलट बाजूनं तारतो. सगळं वायरिंग मेलं तरी दिवसाउजेडी ही जीप डोंगरातून घरी येते. आजच्या गाड्यांना हे जमत नाही.)

म्हणून सगळ्यात आधी तीन जाड अर्थ टाकले: बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन, चासी ते बॉडी. प्रत्येक जागेचा रंग खरवडून लोखंड चमकवलं, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडली. आधी जेली आणि मग बोल्ट असा क्रम काही लोक करतात. माझा विश्वास सुक्या लोखंडावर आहे.

८. दिव्यांचा प्रकाश कुठं सांडतो

घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अकोले गावात त्याच्या मानानं काहीच नाही. म्हणजे तालुक्याच्या एका टोकाला धूळ आणि दुसऱ्या टोकाला जुलै महिन्यात दुपारी तीन वाजता दिवे लावायला लागतील असं धुकं. दिवे मिणमिणतात म्हणून लोक जास्त वॅटचे बल्ब घालतात. नियमाच्या ६०/५५ वॅटऐवजी १००/९०. ते बेकायदा तर आहेच, शिवाय जुन्या वायरीतून ते पेटवले की होल्डर वितळतो.

हिशेब असा. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण नऊ अँपिअर. आमच्या गाडीत हा सगळा करंट बॅटरीतून डॅशबोर्डवर, तिथून लाइटच्या स्विचमधून, डिपरमधून, पुन्हा पुढं दिव्यापर्यंत असा हिंडायचा. पाच मीटर एक चौरस मिलिमीटरच्या तांब्यात पाऊण व्होल्टच्या वर जातात, आणि घाण झालेले स्विचचे संपर्क व जोड आणखी तेवढेच खातात. बल्बचं दुखणं असं की व्होल्टेज दहा टक्के पडलं की प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. बल्ब चांगला, बॅटरी चांगली, आणि रस्त्यावर उजेड नाही.

औषध म्हणजे दोन रिले. एक डिपसाठी, एक फुल्लसाठी. ३० नंबरच्या पिनवर बॅटरीपासून फ्यूजमधून आलेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर. ८७ वरून दिव्याला. ८५ आणि ८६ मध्ये रिलेची गुंडाळी, तिच्या एका बाजूला जुनी डिपरची वायर, दुसरीकडे अर्थ. आता डिपरमधून जातो तो फक्त गुंडाळीपुरता अँपिअरच्या पाचव्या-सहाव्या भागाचा करंट. स्विच थंड राहतो आणि दिव्याला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळतं. बल्ब तेच ६०/५५ चे. पहिल्या रात्री शेजारच्यांनी विचारलं की एलईडी टाकले का.

रिले पिना खाली करून उभे बसवा, म्हणजे पाणी आत साठत नाही. वायर रिलेकडे वरून थेट उतरू देऊ नका. आधी खाली झोळ द्यायचा आणि मग वर न्यायची. पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, जोडात शिरत नाही. घरावर केबलवाल्यांनी सोडलेल्या वायरीला असाच झोळ असतो, पाहा.

९. झाळू नका, चेपा

सोल्डरनं झाळलेला जोड बाकावर सुंदर दिसतो. कथील तांब्याच्या तारांत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि जिथं कडक संपतं तिथं हादऱ्यानं तार तुटते. आमच्या रस्त्यावर हादरे विकत आणावे लागत नाहीत. चांगल्या चिमट्यानं चेपलेलं लग, त्यावर गरम करून आवळणारी नळी, आणि वायर जोडापासून वीतभराच्या आत चासीला क्लिपनं धरलेली, असं करा. एक्सलकडे जाणाऱ्या किंवा इंजिनाकडून येणाऱ्या वायरीला मात्र हलायला जागा ठेवायची, कारण चासी आणि ते दोघं वेगवेगळे हलतात. पाटे मऊ केले की ही हालचाल वाढते. मागचे पाटे नवे केल्यावर एक्सलजवळच्या वायरी पुन्हा बघा असं मी सांगते ते यासाठीच.

घरातल्या फिटिंगची कडक एकतारी वायर गाडीत घालू नका. नुसती काळी चिकटपट्टी उपयोगाची नाही. उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो आणि ती उलगडून लोंबते.

१०. फ्यूज बॅटरीजवळ

फ्यूज वायरीला वाचवतो, दिव्याला नव्हे. डॅशबोर्डखाली बसवलेला फ्यूज बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघड्यावर सोडतो. नेमकी तीच वायर फायरवॉलच्या पत्र्याच्या भोकातून जाते आणि घासते. त्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट घाला. फ्यूजचा आकडा वायर बघून ठरवा, आणि फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची जी थोर परंपरा आहे तिचा मान न राखता कारण शोधा.

११. रंग आणि वही

आबांच्या जीपमध्ये हॉर्नची वायर निळी निघायची, मध्येच पिवळी व्हायची आणि हॉर्नपाशी दोन काळ्यांपैकी एक असायची. सुट्या भागांच्या एका दुकानात मी सात रंगांची वायर मागितली तर काउंटरवरून सल्ला मिळाला, "मिस्टरांना पाठवा, ते सांगतील काय ते." मिस्टरांना वायरिंगमधलं घरातला फ्यूज कुठं आहे एवढंच माहीत आहे, आणि तेही मीच दाखवलेलं. मी वायर दुसरीकडून घेतली. पाच रंग मिळाले. उरलेल्या दोन वायरींच्या टोकांना नंबराच्या नळ्या घातल्या. सगळा नकाशा एका वहीत, आणि त्याची प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत बॉनेटच्या आतून.

१२. उंदीर

भात कापणीनंतर शेडमध्ये पोती आली की उंदीर येतात आणि त्यांना बॉनेटखालची ऊब आवडते. तंबाखूच्या पुड्या, डांबराच्या गोळ्या, अगरबत्ती हे सगळं लोक सांगतात. उपयोग एकाच गोष्टीचा झाला. जीप आणि धान्य एका छपराखाली ठेवायचं नाही. वायरीवर खाचांची प्लास्टिकची नळी घालावी, पण ती उंदरापेक्षा घासण्यासाठी.

१३. दिवे विझवताही यायला हवेत

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत पुरुषवाडी, भंडारदरा, घाटघर या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे असतात, आणि त्यांच्यामागं पुण्या-मुंबईच्या गाड्या. हा भाग बहुतांश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, १९८६ सालापासूनचा. काजव्यांचं लुकलुकणं ही नर-मादीची एकमेकांना हाक असते. तिच्यात हेडलाइटचा झोत घुसला की झाडच्या झाड गप्प होतं. या दिवसांत पाहुण्यांना आणायची वेळ आली तर मला असं वायरिंग हवं होतं की इंजिन चालू असताना दिवा एकही नाही, आतलासुद्धा नाही, आणि एका खटक्यावर फक्त पार्किंगचे दिवे. दोन जादा स्विच आणि आतल्या दिव्याच्या दाराच्या बटणाला बगल, एवढ्यात झालं. नव्या दुचाक्यांना २०१७ पासून हेडलाइट कायम चालूच असते. रस्त्यावरच्या सुरक्षेला ते बरं, रानात त्यांनी गाडी लांब लावून चालत यावं. जुन्या जीपचा हा एक फायदा कुणी जाहिरातीत सांगत नाही.

छतावर एलईडीचा दांडा लावणाऱ्यांविषयी मी इथं काही लिहीत नाही. घाटात समोरून एकदा आलेला बघितला की कुणीही लिहील.

१४. काम संपल्यावरचा पाना

नवे पाटे बसल्यावर ते थोडे दबतात, ग्रीस इकडंतिकडं होतं, आणि यू-बोल्टची पकड सैल पडते. सैल यू-बोल्टखाली सगळा भार सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की एक्सल एका बाजूनं मागं सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागते. मागून येणाऱ्याला ते दिसतं, चालवणाऱ्याला नाही. म्हणून पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि मग पाचशेनंतर भरल्या गाडीखाली जाऊन चारही जागच्या नटांना आडवे-उभे आळीपाळीनं पाना लावा. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, ते एकदा ताणलेले असतात.

त्याच वेळी बॅटरीवर मीटर लावून इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात का बघा, सगळे दिवे लावून पुन्हा बघा. गाडीत मागच्या बाकाखाली एक डबा ठेवा. त्यात एक जादा सेंटर बोल्ट, दोन नट, एक रिले, प्रत्येक आकड्याचे दोन फ्यूज, दोन मीटर वायर, चिमटा आणि बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. राजूरच्या पुढं यातलं काहीही रात्री आठनंतर विकत मिळत नाही. डब्याला कुलूप लावू नका. आबा अजून कधीकधी जीप घेऊन दूध घालायला जातात, आणि किल्ली घरी विसरतात.